ब्लॉग, हँडबिल आणि लेबल : एका वापरापुरते छायाचित्र रीतसर आणि परवडेल अशा दरात कसे घ्यावे?

प्रश्न : गुहागरवाली

नमस्कार. गुहागर तालुक्यात आमचे चार खोल्यांचे घरगुती निवासस्थान आहे. त्याच्या जोडीला कोकमाचे आगळ, आंबापोळी आणि फणसाचे तळलेले गरे असा हंगामी माल आम्ही पाहुण्यांना आणि थोडाफार कुरिअरने विकतो. कोकणी स्वयंपाकावर मी एक ब्लॉगही लिहिते आणि निम्मे पाहुणे तो वाचूनच आमच्याकडे येतात.

गेल्या महिन्यात एका परदेशी संस्थेच्या वतीने मला ई-मेल आला. २०२१ साली सोलकढीवर लिहिलेल्या लेखात मी शोधून सापडलेले एक छायाचित्र घातले होते आणि त्याखाली ‘छायाचित्र : इंटरनेटवरून साभार’ असे लिहिलेही होते. ‘साभार’ म्हटले की आपली जबाबदारी संपली, असा माझा इतक्या वर्षांचा समज होता. त्या संस्थेने लेखाचा स्क्रीनशॉट जोडून जी रक्कम मागितली आहे, तेवढ्यात आमच्या दोन खोल्यांना रंग लावून झाला असता.

यापुढे छायाचित्रे रीतसर घ्यायची, असे मी ठरवले आहे. पण छायाचित्रे विकणाऱ्या संकेतस्थळांवर जिथे पाहावे तिथे मासिक वर्गणी आहे. मला वर्षाला वीस-पंचवीस छायाचित्रे पुरतात. एक वेळ जेवायला गेलेल्या माणसाला महिन्याचा डबा लावायला सांगावे, तसा हा प्रकार वाटतो. माझी गरज तीन ठिकाणी आहे : ब्लॉगचे लेख, पाहुण्यांना देण्याच्या हँडबिलाच्या एक हजार प्रती, आणि आगळाच्या बाटलीवरचे लेबल. एक छायाचित्र एका वापरापुरते थोड्या पैशांत मिळण्याची काही सोय आहे का? ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे नेमके काय? आणि आलेल्या ई-मेलचे काय करावे, हेही कोणी जाणकाराने सांगितले तर उपकार होतील.

उत्तर : डीटीपीवाला, चिपळूण

ताई, मी चिपळुणात बरीच वर्षे डीटीपी आणि छपाईची कामे घेतो. पेन ड्राइव्हवर गुगलवरून उतरवलेले चित्र घेऊन येणारे आणि ‘हेच लावा’ म्हणणारे गिऱ्हाईक आठवड्याला एखादे तरी असतेच, त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय दरांचा हिशेब लागणार नाही. एकच छायाचित्र विकत घेणे ही एक गोष्ट. छायाचित्राचा एकच वापर विकत घेणे ही दुसरी. दुसऱ्या प्रकाराला या धंद्यात ‘राइट्स-मॅनेज्ड’ म्हणतात. त्यात छायाचित्र कोठे छापणार, किती आकारात, किती प्रती, किती काळ आणि कोणत्या देशात, हे सांगितल्यावर दर ठरतो, आणि पुढच्या वर्षी तेच चित्र पुन्हा वापरायचे तर पुन्हा पैसे मोजावे लागतात. ‘रॉयल्टी-फ्री’ परवान्यात एकदा किंमत भरली की परवान्याच्या मर्यादेत तेच छायाचित्र तुम्ही कितीही वेळा वापरू शकता, दर वापरामागे वेगळे मानधन द्यावे लागत नाही. म्हणजे ‘फ्री’ हा शब्द रॉयल्टीला लागू आहे, छायाचित्राला नव्हे. आमच्याकडे येणारे बहुतेक जण नेमके इथेच फसतात.

खरा एका वापराचा परवाना आज छायाचित्रांच्या मोठ्या ऑनलाइन दुकानांत जवळपास दिसेनासा झाला आहे आणि त्यामागे धंद्याचे गणित आहे. २००० साली कॅनडातल्या कॅलगरीत सुरू झालेल्या आयस्टॉकने हौशी छायाचित्रकारांची चित्रे अगदी किरकोळ दरात रॉयल्टी-फ्री विकायला सुरुवात केली. २००३ मध्ये आलेल्या शटरस्टॉकने त्याला वर्गणीची जोड दिली. छायाचित्रे विकणाऱ्या गेटी या मोठ्या कंपनीने २००६ मध्ये आयस्टॉक ५ कोटी डॉलरना विकत घेतले, आणि पुढे २०२० मध्ये स्वतःकडची जाहिरातीच्या वापराची राइट्स-मॅनेज्ड चित्रे विकणेही थांबवले. दर महिन्याला आपोआप येणारी वर्गणी सोडून एकेका गिऱ्हाइकाशी ‘किती प्रती, किती काळ’ अशी बोलणी करणे त्यांना परवडत नाही. ब्रिटनच्या ॲलामीवर मात्र वापर निवडून त्यानुसार दर दाखवण्याची जुनी रीत अजून आहे.

आता तुमचा फायदा कशात आहे ते पाहा. वर्गणी न घेता सुटे एक छायाचित्र किंवा पाच-दहा छायाचित्रांचा पॅक बहुतेक ठिकाणी मिळतो. तो नजरेत भरू नये अशा बेताने पानाच्या तळाशी ठेवलेला असतो, एवढेच. सुट्या छायाचित्राचा दर वर्गणीतल्या दरापेक्षा बराच जास्त दिसेल, पण तुमचा वापर वर्षाला वीस-पंचवीसचा आहे आणि रॉयल्टी-फ्री घेतलेले कोकमाचे एकच चांगले छायाचित्र ब्लॉग, हँडबिल आणि लेबल या तिन्ही ठिकाणी चालते. मोठ्या संस्थांच्या साध्या परवान्यात छापील प्रतींची मर्यादा सहसा ५ लाखांची असते आणि मालाचे वेष्टन व लेबल त्यातच मोजले जाते. तुमच्या बाटल्या तिथपर्यंत पोहोचोत, अशी शुभेच्छा!

तरीही पैसे भरण्यापूर्वी परवान्यातल्या काही अटी वाचाच. छायाचित्र हाच ज्या वस्तूचा मुख्य भाग आहे, अशी वस्तू विकायची असेल, उदाहरणार्थ दिनदर्शिका, चहाचा मग किंवा टी-शर्ट, तर महागडा विस्तारित परवाना लागतो. स्टॉक छायाचित्र, म्हणजे अशा साठ्यातून घेतलेले छायाचित्र, बोधचिन्ह म्हणून किंवा व्यापारचिन्हात वापरता येत नाही, कारण तेच चित्र उद्या शेजारच्या गावातला उत्पादकही घेऊ शकतो. ज्या छायाचित्रासमोर ‘एडिटोरियल’ लिहिलेले असते, ते बातमी किंवा माहितीपर मजकुरासाठी असते; हँडबिलावर किंवा लेबलवर ते चालत नाही. पॅकची मुदत किती आहे आणि ती संपल्यावर न वापरलेली छायाचित्रे बुडतात का, हेही पाहून घ्या. ‘मोफत महिना’ या आमिषाने कार्डाचा क्रमांक देऊ नका; वार्षिक करार मासिक हप्त्यांत दाखवलेला असतो आणि मध्येच सोडला तर दंड बसतो, हे आमच्या ओळखीतल्या दोघांना बिल आल्यावर कळले.

शब्दशः एका वापराचा परवाना हवा असेल, तर कॅन्व्हासारख्या, हँडबिल वगैरेची रचना करण्याच्या ऑनलाइन साधनात मोफत खाते ठेवून एखादे सशुल्क चित्र एका रचनेपुरते विकत घेता येते. सुरुवातीच्या काळात त्याचा दर एक डॉलर होता. तेच चित्र दुसऱ्या रचनेत घातले की पुन्हा पैसे. हँडबिलासाठी हे चांगले आहे, कारण हँडबिल एकदाच होते.

मोफत साठ्यांमध्ये अनस्प्लॅश, पेक्सेल्स आणि पिक्साबे यांचा व्यापारी वापर चालतो. यातले अनस्प्लॅश २०२१ पासून गेटीकडे आहे. पेक्सेल्स आणि पिक्साबे २०१९ पासून कॅन्व्हाकडे आहेत. इथे एक धोका आहे : छायाचित्र चढवणारा माणूसच त्याचा मालक आहे की नाही, आणि चित्रातल्या व्यक्तीने संमती दिली आहे की नाही, याची हमी कोणी घेत नाही. विकत घेतलेल्या परवान्यात काही संस्था ठरावीक रकमेपर्यंत भरपाईची हमी देतात, आणि तुम्ही भरता त्या पैशांतला काही भाग खरे तर त्या हमीचा असतो. शिवाय परवाने बदलतात. अनस्प्लॅशने जून २०१७ मध्ये सर्व हक्क सोडून देणारा सीसी-शून्य परवाना बंद करून स्वतःचा परवाना आणला. म्हणून मोफत चित्र घेतानाही त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून चित्रासोबतच ठेवावा.

जाता जाता आमच्याच धंद्याची एक खोड सांगतो. डीटीपीवाल्याकडे वर्गणी असते आणि तो एकदा उतरवलेले आंब्याचे चित्र दहा बागायतदारांच्या पेटीवर लावतो. साधा परवाना एका ग्राहकाच्या कामापुरता असतो. दुसऱ्याच्या कामाला तो पुन्हा घ्यावा लागतो. तेव्हा लेबल कोणाकडूनही करून घेतले तरी ‘चित्राचा परवाना कोणाच्या नावावर आहे?’ हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. माझ्याकडे आलात तरी विचारा.

उत्तर : काजूवाला, वेंगुर्ले

वरील उत्तर योग्यच आहे. मी फक्त अनुभवाची भर घालतो. तीन हंगामांपूर्वी आम्ही हापूसच्या पेटीसाठी परदेशी साठ्यातले छायाचित्र रीतसर पैसे भरून घेतले. आंबा दिसायला देखणा होता, पण त्याच्या गालावर तांबडा रंग होता. पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकाने पेटी उघडण्याआधीच फोन केला, ‘या वर्षी हापूस नाही वाटतं?’ परवाना अगदी चोख होता, आंबा मात्र भलताच निघाला. आमच्या ओळखीच्या एका निवासस्थानाच्या हँडबिलावर तर माडांच्या रांगेत केरळची हाउसबोट तरंगत होती आणि पाहुणे येऊन ती कोठून सुटते ते विचारत होते. आपण जे विकतो ते दाखवणारे चित्र आपल्याच भागातले असावे, नाहीतर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा ठपका यायला वेळ लागत नाही.

उत्तर : छायाचित्रकार, मालवण

गुहागरवाली ताई, मी लग्ने आणि बारशी करतो. उरलेल्या वेळात काढलेली सिंधुदुर्ग किल्ल्याची, देवबागच्या खाडीची, आमसुले वाळत घातलेल्या अंगणांची हजारो छायाचित्रे माझ्या हार्ड डिस्कवर पडून आहेत. कोकणातल्या बहुतेक छायाचित्रकारांची हीच स्थिती आहे. ती मोठ्या साठ्यावर चढवली तर एका विक्रीमागे हातात पडते ते चहापुरतेही नसते, म्हणून मी दोन वर्षांपासून ओळखीच्या निवासस्थानांना आणि उत्पादकांना एकेका वापरापुरती छायाचित्रे देतो.

ब्लॉगच्या एका लेखासाठी मी तीनशे रुपये घेतो, हजार प्रतींच्या हँडबिलासाठी आठशे आणि लेबलसाठी दोन हजार. लेबलचा दर जास्त असण्याचे कारण असे की, ज्या चित्राने एखादा माल ओळखला जाऊ लागतो, ते चित्र मी तशाच दुसऱ्या मालाला देत नाही. स्टॉक साठ्यातून घेतलेल्या चित्राला ही सोय नसते.

दर कमी ठेवणे मला परवडते, कारण मी त्या वापराला पुरेल एवढ्याच आकाराची फाईल देतो. ब्लॉगला १२०० पिक्सेल रुंदी भरपूर झाली. ए-५ आकाराच्या हँडबिलाचे पूर्ण पान इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचे तर १७४८ गुणिले २४८० पिक्सेल लागतात. आठ सेंटीमीटर गुणिले सहा सेंटीमीटरच्या लेबलला ९४५ गुणिले ७०९ पुरतात. ब्लॉगची फाईल कोणी फ्लेक्सवर ताणली तर ती फाटलेलीच दिसणार, त्यामुळे पहारा ठेवायची गरज पडत नाही. (फाईल व्हॉट्सॲपवर मागवलीत तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि तिच्यातली मालकाच्या नावाची नोंदही गळून पडते.)

मासळी लिलावातल्या बायकांची छायाचित्रे पुष्कळ जण मागतात. हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावाची माझ्याकडे फार चांगली छायाचित्रे आहेत, पण ज्यांचे चेहरे ओळखू येतात आणि ज्यांनी लेखी संमती दिलेली नाही, ती मी हँडबिलाला देत नाही. लेखात लिलावाचे वर्णन असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या खोल्यांच्या जाहिरातीवर मात्र त्या मावशींचा चेहरा त्यांना न विचारता लावणे बरे नाही.

एक पक्के लक्षात ठेवा, जो बटण दाबतो त्याचाच हक्क. तुम्ही पैसे दिलेत तरी छायाचित्र माझेच राहते, तुम्हाला मिळतो तो वापर.

उत्तर : वकील, रत्नागिरी

छायाचित्रकार बंधूंचे शेवटचे वाक्य अर्धेच बरोबर आहे आणि त्या उरलेल्या अर्ध्यावरून तंटे होतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्र काढणारी व्यक्ती ही त्याची कर्ता असते आणि सर्वसाधारणपणे पहिली मालकही तीच असते. परंतु कलम १७ च्या परंतुकानुसार, कोणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून छायाचित्र काढून घेतले असेल आणि त्याविरुद्ध काही करार नसेल, तर पहिला मालक काढून घेणारा असतो. म्हणजे ताईंनी छायाचित्रकाराला बोलावून, पैसे देऊन आपल्या खोल्यांची छायाचित्रे काढून घेतली आणि कागदावर काहीच लिहिले नाही, तर हक्क ताईंचा. छायाचित्रकाराने स्वतःहून आधीच काढून ठेवलेले छायाचित्र वापरापुरते दिले, तर हक्क छायाचित्रकाराचा. मालवणच्या बंधूंच्या हार्ड डिस्कवरच्या साठ्याला त्यांचे म्हणणे लागू होते. त्यांच्या लग्नांच्या कामाला करार नसेल तर होत नाही.

आता आलेल्या ई-मेलविषयी. छायाचित्राला संरक्षण मिळण्यासाठी नोंदणीची गरज नसते आणि ते कलात्मकदृष्ट्या उत्तम असावे लागत नाही. सोलकढीच्या पेल्याचे साधे छायाचित्रही कायद्याच्या दृष्टीने कलाकृतीच आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हे संरक्षण कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. ‘साभार’ हा शब्द सौजन्य दाखवतो, त्याने परवानगी मिळत नाही. कलम ५२ मध्ये खाजगी अभ्यास, टीका, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी न्याय्य वापराची सवलत आहे, पण निवासस्थानाकडे पाहुणे आणणाऱ्या ब्लॉगवरील पाककृतीच्या शोभेसाठी घातलेले चित्र त्यात बसवणे कठीण आहे.

म्हणून घाबरून लगेच पैसे भरावेत, असेही नाही. प्रथम पानाची आहे त्या स्थितीतील नोंद आपल्याकडे ठेवा आणि मग छायाचित्र लेखातून काढून टाका. लेखातून काढले तरी संकेतस्थळाच्या माध्यम-साठ्यात फाईल शिल्लक राहते आणि तिचा थेट पत्ता उघडत राहतो, तेव्हा तिथूनही ती काढा. चित्र काढल्याने मागील वापराची जबाबदारी संपत नाही, मात्र पुढचा वापर थांबतो. त्यानंतर त्या संस्थेला लेखी, सभ्य आणि मोजक्या शब्दांत विचारा : छायाचित्राचा मालक कोण, आपल्याला त्याच्या वतीने मागणी करण्याचा अधिकार कोणत्या कागदाने मिळाला, मूळ चित्र कोठे व केव्हा प्रसिद्ध झाले, आणि ही रक्कम कशाच्या आधारे काढली. तेच किंवा तशा प्रकारचे छायाचित्र एका ब्लॉग-लेखासाठी बाजारात कितीला मिळते, हे पाहून ठेवा. बोलणी त्या आकड्यापासून सुरू व्हावीत, त्यांच्या आकड्यापासून नव्हे. उत्तरात कबुलीची भाषा नको आणि उर्मटपणाही नको.

कलम ५५ मध्ये अशी तरतूद आहे की, प्रताधिकार अस्तित्वात असल्याची जाणीव नव्हती आणि तसे मानायला वाजवी कारणही नव्हते, हे प्रतिवादीने सिद्ध केले, तर वादीला मनाई हुकूम आणि त्या वापरातून झालेल्या नफ्याचा न्यायालय ठरवील तेवढा भाग एवढेच मिळू शकते. परंतु ‘इंटरनेटवरून साभार’ असे स्वतःच लिहिलेले असताना हा बचाव लंगडा पडतो, कारण चित्र दुसऱ्याचे आहे हे आपल्याला ठाऊक होते, असाच त्याचा अर्थ निघतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. नोटिशीत या कलमाचा उल्लेख मुख्यतः दबावासाठी येतो. उलट, मागणी निराधार असेल तर अशा धमकीविरुद्ध कलम ६० खाली दाद मागता येते. रक्कम मोठी असेल, तर पहिले उत्तर पाठवण्यापूर्वीच जवळच्या वकिलाला कागद दाखवा.

क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर मोफत वापराची मुभा देणाऱ्या तयार परवान्यांचा, उल्लेख कोणी केला नाही म्हणून सांगतो. विकिमीडिया कॉमन्सवर कोकणातील किल्ले, किनारे आणि पदार्थ यांची पुष्कळ छायाचित्रे या परवान्यांखाली मिळतात, पण ती बिनशर्त नसतात. कर्त्याचे नाव, परवान्याचे नाव व दुवा आणि आपण केलेला बदल हे सर्व नमूद करावे लागते. ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल, म्हणजे अव्यापारी) अक्षरे असलेला परवाना व्यापारी वापराला चालत नाही आणि आपला ब्लॉग व्यापारी नाही, असे म्हणणे ताईंना जड जाईल. नामनिर्देशात चूक झाली की मोठी रक्कम मागणारेही आहेत. या परवान्यांच्या २०१३ च्या ४.० आवृत्तीत चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केल्यास परवाना पुन्हा लागू होतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत ही सोय नाही. म्हणून आवृत्तीचा आकडाही पाहावा. आणि बाटलीच्या लेबलवर एवढा नामनिर्देश छापायला जागा कोठे आहे?

गुहागरवाली

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी नोंद ठेवून छायाचित्र दोन्हीकडून काढून टाकले आणि ओळखीच्या वकिलांना दाखवून चार प्रश्नांचे पत्र पाठवले. अजून उत्तर आलेले नाही.

ब्लॉगवरच्या जुन्या लेखांचा हिशेब काढायला बसले, तर एकशे दहा लेखांत एकोणचाळीस छायाचित्रे अशीच ‘साभार’ निघाली. ती सगळी उतरवली. त्यांतली निम्मी माझ्याच स्वयंपाकघरात, खिडकीजवळ ताट ठेवून मोबाइलवर पुन्हा काढता येतील, हे लक्षात आल्यावर ब्लॉगचा प्रश्न बराचसा सुटला. घावन आणि अळूचे फदफदे यांसाठी परदेशी साठा धुंडाळण्यात तसाही अर्थ नव्हता. हँडबिलासाठी किनाऱ्याचे आणि लेबलसाठी आमसुलांचे छायाचित्र मात्र मालवणच्या दादांकडून घ्यावे म्हणते. कागद कसा करायचा?

छायाचित्रकार, मालवण

ताई, मी देतो तो मजकूर असा असतो :

‘परवानगीपत्र क्र. ——. खालील छायाचित्राचा प्रताधिकार माझा आहे. हे छायाचित्र (फाईल क्र. ——) श्रीमती —— यांना कोकम आगळाच्या लेबलसाठी, ८ सें.मी. गुणिले ६ सें.मी. आकारात, एकूण ३,००० प्रतींपर्यंत वापरण्याची परवानगी रु. २,००० मिळाल्यावरून दिली आहे. छायाचित्र कापून आकारात बसवता येईल व त्यावर अक्षरे घालता येतील. ते इतर कोणासही देता येणार नाही व अन्य वापरासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागेल. या काळात मी हे छायाचित्र दुसऱ्या कोणत्याही कोकम उत्पादनासाठी देणार नाही.’

खाली तारीख आणि सही. पैसे यूपीआयने पाठवताना शेऱ्यात परवानगीपत्राचा क्रमांक टाकला की पावती आणि कागद जुळतात. वकीलसाहेबांचे १७ वे कलम वाचल्यावर लग्नाच्या करारातही एक ओळ वाढवली आहे.

वकील, रत्नागिरी

मजकूर चांगला आहे, पण ‘या काळात’ म्हटले आहे आणि काळ कोठेच लिहिलेला नाही. परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती कायद्याने पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर परवाना भारतापुरता मानला जातो. हस्तांतरणाविषयीचे कलम १९ हे कलम ३०-अ मुळे परवान्यांनाही लागू होते. लेबलला भारत पुरेल. परंतु लेबल लावलेल्या बाटलीचे छायाचित्र ताई ब्लॉगवर आणि सामाजिक माध्यमांवर टाकणारच, आणि ते जगात कोठेही दिसेल. म्हणून ‘दिनांक —— पासून दोन वर्षे, संपूर्ण जगात, लेबल लावलेल्या मालाच्या छायाचित्रांसह’ अशी ओळ घाला. मुदतीच्या आत छापलेला पण न खपलेला माल पुढे विकता येईल, हेही लिहा, नाहीतर दोन वर्षांनी फडताळात राहिलेल्या बाटल्यांची लेबले खरवडत बसावे लागेल.

छायाचित्रकार, मालवण

दोन्ही ओळी घातल्या. ताई, आमसुलांची तीन छायाचित्रे बारीक आकारात, नाव छापून पाठवतो. पसंत पडेल त्याचा क्रमांक कळवा. एकात आमसुले सुपात आहेत, एकात पत्र्यावर आणि एकात गोधडीवर. सुपातले घेऊ नका, त्यात कोपऱ्यात आमच्या शेजाऱ्यांचा नातू आहे आणि त्याच्या आईला मी अजून विचारलेले नाही.

डीटीपीवाला, चिपळूण

पत्र्यावरचे घेतलेत तर उन्हाची तिरीप उजवीकडे ठेवा. डावीकडे अन्न परवाना क्रमांक, वजन, तारीख आणि किंमत यांना मोकळी जागा लागते.